बंद गेटासमोरची भरती

पेपरात कच्चं तेल स्वस्त झाल्याची बातमी आली की माझी झोप उडते. पंपावरचं पेट्रोल त्यामुळं एका पैशानं उतरत नाही, ते सोडा. पण माझा नवरा सोमनाथ आणि माझा मुलगा ऋतुराज ज्या कंपनीत जातात, ती तेलाच्या विहिरींना लागणारे व्हॉल्व्ह बनवते. आखातात कुठं नवी विहीर खणायला घेतली की इकडं वाळूजला ओव्हरटाइम लागतो. तेल पडलं की तिकडच्या विहिरी थांबतात आणि इकडं सोमनाथचं जेवण कमी होतं. जगातल्या सगळ्या बायका तेल स्वस्त व्हावं म्हणून देवाला हात जोडत असतील, तेव्हा मी एकटी बजाजनगरात उलटा नवस बोलत असते.

यंदा तेल पडलं ते वर आलंच नाही. आधी कंपनीनं शनिवार बंद केले, मग मधूनमधून आख्खा आठवडा. दिवाळी झाल्यावर तरुण पोरांना सांगितलं की अर्ध्या पगारावर घरी बसा, काम आलं की बोलावू. त्यात आमचा ऋतुराज. सोमनाथ जुना माणूस म्हणून त्याला आठवड्यातून दोन-तीनदा बोलवायचे. तो जायचा, बंद मशीन पुसायचा आणि संध्याकाळी दिवसभर राबल्यापेक्षा जास्त दमून यायचा.

आणि गंमत बघा, शहर मात्र फुगत चाललंय. बिडकीनला कंपन्या, शेंद्र्याला कंपन्या, बॅटऱ्यांच्या, विजेवरच्या गाड्यांच्या. बजाजनगरात भाड्याला खोली मिळत नाही. शेजारच्यांनी गिलावा न करताच तिसरा मजला चढवला आणि वर पत्रे टाकायच्या आत पोरं राहायलाही आली. मी डबे देते. बिहारपासून बुलढाण्यापर्यंतची पोरं पाठीला सॅक लावून माझ्या दारात उभी राहतात, आंटी टिफिन मिलेगा क्या, म्हणून. माझ्या पोळ्या वाढतच चालल्या होत्या. ज्यांना मी जेवू घालत होते त्यांना नोकऱ्या लागत होत्या, आणि माझा पोरगा त्यांचे डबे पोचवत होता. तक्रार कुणाकडं करायची?

त्यातच त्याचं लग्न ठरत आलेलं.

मुलगी गंगापूरकडची, संस्कृती नाव. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, बोलायला चटपटीत. आमच्याकडं आता घरी कितीही शेती असू दे, मुलीचा बाप पहिलं विचारतो, पोरगा कुठल्या कंपनीत आणि परमनंट आहे का. ऋतुराज परमनंट होता. दिवाळीआधी पाहणी झाली, दोन्हीकडून पसंती झाली, फक्त सुपारी फोडायची राहिली. आणि दिवाळीनंतर पोरगा घरी बसला.

ऋतुराज म्हणाला, आपण त्यांना सांगून टाकू. सोमनाथ म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, महिनाभरात काम येईल, उगाच कशाला बभ्रा. मी कुणाच्या बाजूनं होते? खरं सांगायचं तर मी गप्प होते आणि गप्प बसणं म्हणजे सोमनाथच्याच बाजूनं असणं. पोरीचा फोन आला की ऋतुराज गच्चीवर जायचा. वर फोन वाजत राहिलेला मला खाली ऐकू यायचा. खोटं बोलता येत नाही म्हणून तो उचलायचाच नाही.

मला खरी भीती होती ती चौकशीची. मुलीचा बाप कंपनी बघायला सांगून येत नसतो. गेटासमोरच्या टपरीवर बसतो, चहा मागवतो आणि ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखा इकडचं तिकडचं विचारत राहतो. आमच्या मुलीच्या, प्रेरणाच्या लग्नाआधी सोमनाथनं जावयाच्या गेटावर चहा पिऊन पिऊन पित्त करून घेतलं होतं. म्हणून संस्कृतीचे वडील काकासाहेब आज ना उद्या येणार, बंद गेट बघणार आणि तसेच माघारी जाणार, हे मी रोज पोळ्या लाटताना डोळ्यांपुढं बघत होते.

जानेवारीत एका नव्या कंपनीची भरती निघाली, विजेवरच्या गाड्यांचे सुटे भाग करणारी. बिडकीनचा तिचा कारखाना अजून पुरा व्हायचा होता, म्हणून मुलाखती वाळूजला आमच्या कंपनीशेजारच्या रिकाम्या शेडमध्ये ठेवल्या. ऋतुराज अंधारातच उठून गेला. जाताना त्यानं तोंडाला निळा रुमाल बांधला. मी विचारलं तर म्हणाला, थंडी आहे. थंडी होतीच, पण त्याला थंडी कधी बाधत नाही. उजाडल्यावर त्याचा फोन आला. म्हणाला, "आई, रांग लई लांब आहे. मी आपल्याच गेटासमोर उभा आहे."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मीही फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

दहाच्या सुमारास दारात मोटारसायकल थांबली. बघते तर काकासाहेब, डोक्याला मफलर, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. त्यांचं तोंड उतरलेलं दिसेल म्हणून मी वर बघत नव्हते. पण माणूस तर खुशीत होता.

"ताई, न सांगता आलो, राग मानू नका," ते म्हणाले. "पोरीचा बाप हाये. तुमची कंपनी बघून आलो."

मी ओट्याकडं वळले.

"लोकं म्हणत हुती, तेल पडलं, त्या लायनीतल्या कंपन्या बसल्या. मला बी जरा घोर लागला हुता. पण आज डोळ्यानं बघितलं. काय ती भरती, ताई. गेटापासून पार मेन रोडपर्यंत पोरंच पोरं. मन भरलं माझं."

मला आधी कळेचना. मग ध्यानात आलं. रांगेच्या डोक्यावर आमच्या कंपनीचा बोर्ड, भिंतीएवढ्या अक्षरांचा. शेजारच्या शेडला पाटीसुद्धा नाही. त्यांना वाटलं, भरती आमच्याच कंपनीची.

इतके दिवस ज्याची भीती घेऊन बसले होते ते टळलं होतं आणि तेही आपोआप. मी काही खोटं बोललेच नव्हते. मी चहाचं आधण ठेवलं.

"येका पोराला इचारलं बी," काकासाहेब पुढं सांगत होते. "गेटासमोरच उभा हुता, निळा रुमाल बांधलेला. म्हणलं, भरती व्हय? त्यानं नुसती मान हलवली. बोलला नाय काई. टेन्शनमधी आसंल बिचारा."

माझी पाठ त्यांच्याकडं होती ते बरं झालं. चहात साखर घातली की नाही, मला आठवेना.

मग त्यांनी विचारलं, आमचे जावई कामावर गेलेत ना? मी म्हटलं, हो, ड्यूटीवर आहे. इतका वेळ तोंड बंद होतं, ते उघडलं आणि पहिलंच खोटं बोललं.

येत्या रविवारी सुपारी फोडू, असं काकासाहेब म्हणाले. आणि मग त्यांनी आकाशचा विषय काढला. आकाश त्यांचा धाकटा, चाकणला कंपनीत असतो. गेल्याच महिन्यात तो परमनंट झाला होता, पण त्याच्या आईला तो लांब असल्याचा रोजचा ताप. भरती उद्याही आहे असं त्यांनी रांगेत ऐकलं होतं. आकाशला तिकडं सुट्टी देत नाहीत, तर राजीनामा टाकून आजच निघ म्हणून सांगतो, असं ते म्हणाले. "आपले जावई आत हायेत म्हणल्यावर भ्यायचं काय कारण?" त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि नंबर शोधायला लागले.

मी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. खरं सांगते, त्या वेळीही मला आधी रविवारच दिसला. नुसतं गप्प राहायचं होतं. सुपारी फुटली असती, पाठोपाठ लग्नही झालं असतं, आणि पुढचं पुढं. सोमनाथनं तेच केलं असतं आणि त्याला मी वाईट म्हणणार नाही, पोरासाठी माणूस काय काय करतो. पण तिकडं चाकणला एक पोरगं मशीनवर उभं होतं. बापाच्या एका शब्दावर ते हातातली नोकरी सोडून आमच्या बंद गेटासमोर येऊन उभं राहणार होतं. तेही रुमाल बांधून उभं राहील, असं माझ्या मनात आलं. रिंग वाजायला लागली होती.

"भाऊ, फोन ठेवा," मी म्हटलं. "ती भरती आमच्या कंपनीची नाही."

फोनमधून आकाशचा आवाज आला, हॅलो दादा, हॅलो. बापाला तो दादा म्हणायचा. काकासाहेबांनी फोन कानाला लावला.

"काई नाय रे," ते म्हणाले. "जेवला का? बरं. ठेव."

मग मी सगळं सांगितलं. गेट बंद असल्याचं, दिवाळीपासून ऋतुराज घरी असल्याचं, शेजारच्या शेडचं. सांगताना हात कणकेनं भरलेले होते आणि मी ते पदराला पुसत होते, एवढं आठवतं. शेवटी म्हटलं, "तो निळ्या रुमालाचा पोरगा ऋतुराजच होता, भाऊ."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि फोन खिशात ठेवला. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी त्याच्या म्होरंच हुतो की," ते हळू म्हणाले. "मला वळखलं आसंल त्यानं."

"ओळखलं असणारच. लाजला असेल."

काकासाहेब उठले. चहा तसाच राहिला. मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यावरून गेल्यावर मी बघितलं, पेढ्यांचा बॉक्स खाटेवरच होता. विसरला की ठेवला, देव जाणे.

सोमनाथ आल्यावर त्याला सांगितलं. मला वाटलं चिडेल. त्यानं तो बॉक्स उचलून फळीवर ठेवला आणि म्हणाला, उघडू नको, परत न्यायला येतील. मग तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

ऋतुराज दिवस मावळता आला. रुमाल खिशात कोंबलेला. काकासाहेब परत रांगेत आले होते, असं त्यानं सांगितलं. शोधत शोधत आले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. मागची पोरं ओरडली, ओ काका, मधी घुसू नका. काकासाहेब त्यांना म्हणाले, मी न्हाई घुसत बाबा, माझं माणूस हाये इथं. मग ऋतुराजला फक्त एवढंच म्हणाले, तोंडावरचं सोडा. त्यानं रुमाल सोडला.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काहीच नाही. नंबर कधी लागंल म्हणाले. मग थांबले. मी आत जाईपर्यंत थांबले."

आत त्याचं वय विचारलं, आधीचं काम विचारलं आणि कळवतो म्हणाले. नव्या कंपन्यांना कोवळी पोरं हवी असतात असं आम्ही ऐकून होतो. ऋतुराज एकोणतिशीचा. तो जेवायला बसला आणि अर्ध्यातून उठला.

मग वाट बघणं सुरू झालं. दोन फोनांची. एक कंपनीचा, एक गंगापूरचा. घरात कुणाचाही फोन वाजला की तिघंही माना वर करायचो आणि तो टिफिन मागणारा निघायचा. मला रागच यायचा त्या पोरांचा. एवढी कशी येतात आणि सगळ्यांना कशा नोकऱ्या मिळतात. मग माझी मलाच लाज वाटायची, कारण तीही कुणाची तरी लेकरंच. पेढ्यांचा बॉक्स फळीवर तसाच होता. मुंग्या लागायला आल्या होत्या, पण उघडायला कुणाचा हात धजत नव्हता.

शनिवारी संध्याकाळी काकासाहेबांचा फोन आला. मी स्पीकर लावला. त्यांनी आधी थंडीचं काढलं, मग कांद्याच्या भावाचं.

"पोरीला समदं सांगितलं," अखेर ते म्हणाले. "आकाशला बी. तो म्हणला, दादा, वाचलो."

मी गॅस बारीक केला.

"संस्कृती म्हणती, त्या नव्या कंपनीत सोमवारी पोरींची भरती हाये. तिला यायचंय. पर गावातून एवढ्या पहाटं गाडी नाय." मग विचारलं, "उद्या तुमच्याकडं मुक्कामाला पाठवू का, ताई?"

आमच्यात सुपारी फुटल्याशिवाय मुलगी सासरचा उंबरा चढत नाही. बापानं तोंडानं असं विचारणं म्हणजे स्थळ पक्कं, हे मला समजत होतं. सोमनाथ माझ्या कानाशी कुजबुजला, "तिला नोकरी लागली अन् याला नाही लागली तर?"

माझ्याही मनात तेच आलं होतं, खोटं कशाला बोलू. सून कमावती आणि मुलगा घरी, मग चौकशी करायची कुणी आणि कुणाची? मी त्याला हातानं गप्प केलं आणि फोनमध्ये म्हटलं, "पाठवा."

तिकडं फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. पाहणीच्या वेळी ही मुलगी मला काकू म्हणत होती.

"आत्या, रांग किती वाजता लागती?" तिनं विचारलं. आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते.

"उजाडायच्या आत," मी म्हटलं. "डबा मी करून देते. ऋतुराज सोडायला येईल."

"येऊ द्या. पण त्यांना सांगा, तोंड बांधून येऊ नका म्हणावं. आणि माझा फोन उचलत जा म्हणावं."

ऋतुराज दारातच उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. मी फोन त्याच्यापुढं धरला आणि तो त्यानं घेतला.