वेदीची फळी

"हिला बहुतेक झाड उगवायच्या आधीचं लाकूड हवंय," नवरा माझ्या कानाशी पुटपुटला. फळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

माझी धाकटी जाऊ फळीला नाक लावून वास घेत होती. "हिला गाठ आहे, दादा."

"लाकडाला गाठ असणारच. नको असेल तर प्लायवूड घे."

"प्लायवूड चालत नाही. ते मेलेलं असतं."

शब्द निसटला आणि नवऱ्याने पटकन दारातल्या सासूबाईंकडे पाहिलं. आमच्या घरात तो शब्द ढेकणालासुद्धा लावत नाहीत.

धाकटे भाऊजी मालवाहू जहाजावर होते. वादळानंतर जहाज बंदराला लागलं, ते आले नाहीत. सापडलेही नाहीत. तेव्हापासून न्हाणीघरातला नळ गळतोय, कारण घरातले नळ तेच बघायचे. प्लंबरचं नाव कुणी काढत नाही. 'तो आला की बघेल,' असं नवरा सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो, आणि मी खाली बादली सरकवते.

जाऊ एका बाईकडे गूढविद्या शिकायला जाऊ लागली तेव्हा मी थट्टा केली होती. भुतं आली तर चहा कोण करणार, असं विचारलं. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मग मी तोंड मिटलं. आता तिला स्वतःची वेदी मांडायची होती, तिच्या खोलीत खिडकीखाली. तांब्याची वाटी तिने दुकानात शिरताशिरता उचलली. वर अंथरायला भाऊजींचा निळा शर्ट, कोपरावर विरलेला, बसल्या बैठकीला उसवून टाकला. मेणबत्त्या घरीच ओतल्या. घोडं अडलं ते फळीपाशी. नवरा सुतार, त्यामुळे सकाळपासून आम्ही दोघं त्याच्या कारखान्यात हमाल झालो होतो.

"लाकूडच का लागतं गं?" सासूबाईंनी विचारलं. त्या दारात उन्हाला मटार सोलत बसल्या होत्या. पातेलं एका दगडी लादीवर होतं. कुणाच्या तरी ओट्यातून उरलेला तुकडा.

"बाई म्हणतात, ज्याला परत बोलवायचं त्याच्यासाठी लाकूड. त्यात ओल राहिलेली असते."

"आणि नाहीतर?"

जाऊने फळीवरचा भुसा बोटाने बाजूला केला. "नाहीतर दगड. ज्याला निरोप द्यायचा त्याच्यासाठी."

नवऱ्याने उगाचच रंधा उचलून पातं तपासलं. "आत अक्रोड आहे," तो म्हणाला. "थांब, आणतो."

अक्रोडाची ती फळी मी माझ्या स्वयंपाकघरासाठी कधीपासून मागतेय. गाठ नाही, चीर नाही. जाऊने उलटीपालटी करून पाहिली, नखाने खरवडली.

"रंग जरा काळपट आहे," ती म्हणाली.

"अगं बाई," नवरा म्हणाला, आणि त्याने फळी भिंतीला टेकवली.

सासूबाईंनी हातातली शेंग सोलून संपवली. "वाटीला वेळ लागला नाही तुला. शर्टालाही नाही. लाकडाच्याच खोड्या काढत बसलीस. तुला लाकूड नकोच आहे."

"हवंय, आई. तुम्ही एवढ्या वाट बघताय..."

"मी?"

"रोज दाराकडे तोंड करून बसता."

"दाराकडे बसते, कारण घरात बसले की तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघता."

नळाखालची बादली का कुणास ठाऊक माझ्या डोळ्यांसमोर आली. कोणासाठी सरकवत होते मी ती?

सासूबाईंनी पातेलं उचलून बाजूला ठेवलं. लादीवरची सालं गोळा केली, तळहाताने लादी पुसली, मग पुन्हा एकदा पुसली, तोंड पुसावं तशी.

"हा घे दगड," त्या म्हणाल्या. "मेला गं तो. माझा मुलगा मेला."