तिसऱ्या तळावरचा कर्टिस

नियम तसा साधाच. गडी कमी पडले की तळावर भूत ठेवायचं. अमेरिकेत, आयोवातल्या परसांत पोरं असंच बेसबॉल खेळतात. खेळणारा तळावर, म्हणजे धावताना थांबायच्या खुणेवर, पोचला आणि त्याला तिथून जावं लागलं, की त्याच्या जागी त्याचं भूत उभं.

जूनमध्ये कर्टिस तिसऱ्या तळावर, म्हणजे खताच्या रिकाम्या गोणीवर, उभा होता. तेवढ्यात वॉरननं, त्याच्या बापानं, धान्याच्या कोठीकडून हाक मारली. "डाव मोडू नकोस गं," तो बहिणीला, डार्लीनला, म्हणाला, "माझं भूत आहे इथं." आणि गेला. कोठीत उतरला, आणि पायाखालच्या मक्यानं त्याला आत ओढून गिळलं. बारा वर्षांचं लेकरू. बापानं हाक मारली, पोर गेलं, यात तुझी काय चूक, असं सगळ्या गावानं वॉरनला सांगितलं. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. पटलं एकाचंही नाही.

तेव्हापासून रोज दुपारी दहा वर्षांची डार्लीन बॅट घेऊन उभी राही आणि बापाला चेंडू टाकायला लावी. भोकाभोकांचा, प्लॅस्टिकचा. प्रत्येक चेंडू ती डावीकडे कुंपणाबाहेर घालवायची. फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा, न मोजायचा फटका. समोर एक नाही, हुकलेला एक नाही. ऑगस्ट उजाडला. तळहातांवरचे फोड फुटले, तिला जेवताना चमचा धरवेना.

"अगं, समोर मार की. मी काय तोफ डागतोय?" वॉरन वैतागला.

"समोर मारला तर कर्टिस इथं, माझ्या पायाशी, घरच्या तळावर येईल. धाव मोजली की संपलं. मी बाद झाले तरी डाव संपतो. फाउलला काहीच होत नाही, बाबा. टाक ना."

वॉरनचं लक्ष तेव्हा गवताकडे गेलं. तिसऱ्या तळावरून घरच्या तळाकडे पायवाट पडली होती. अर्ध्यावर यायची आणि तिथंच संपायची. डार्लीनचं पाऊल दोन महिन्यांत त्या बाजूला पडलं नव्हतं. पण फटका बसला की तळावरच्यानं पळायचं असतं, आणि फाउल झाला की माघारी फिरायचं असतं.

त्यानं आणखी एक चेंडू टाकला. डार्लीननं तो कुंपणाबाहेर घालवला. वॉरन गोणीकडे बघत होता. वाटेवर धूळ उडाली, अर्ध्यावर थांबली आणि परत गेली. सावकाश गेली, दमलेलं माणूस चालतं तशी.

"बॅट इकडे दे," तो म्हणाला.

"तू त्याला आणणार?"

"किती पळवशील त्याला? दमलाय गं तो."

ती मुसमुसत चेंडू टाकायला गेली. वॉरननं मनाशी पक्कं केलं होतं: समोर मक्याच्या शेतात भिरकावायचा, सुटू दे लेकराला एकदाचं. चेंडू तरंगत आला. आंधळ्यानंही मारावा इतका सोपा. त्यानं बॅट फिरवली. तिसऱ्या तळावरची धूळ उसळली आणि थेट त्याच्याकडे धावत निघाली.

मनगटानं दगा दिला, असं तो पुढं बायकोला सांगणार होता. खोटं. त्यानंच ते वळवलं. चेंडू कुंपणापलीकडे पडला.

धूळ अर्ध्यावर उभी राहिली, त्याच्यापासून दहा पावलांवर. जागची हलेना.

"बाबा?" डार्लीन म्हणाली.

वॉरनला रडू आवरेना. "फाउल आहे," तो धुळीला म्हणाला. "जा राजा, माघारी जा."

आणि बापानं सांगितलं म्हणून धूळ मुकाट माघारी गेली.