विसावं नाव

शाळेच्या प्रयोगशाळेत दाराजवळच्या कपाटाला छत्तीस खण आहेत. त्यांत पस्तीस दगड आहेत: अकरा अग्निजन्य, सोळा गाळाचे, आठ रूपांतरित. छत्तिसाव्या खणात नुसती चिठ्ठी आहे. 'ऑब्सिडियन, हिरवट काळा. पांतेलेरिया.' शाई तपकिरी पडली आहे. अक्षर आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका मादाम नाझिहांचं आणि तारीख बावीस वर्षांपूर्वीची, म्हणजे मी दोन वर्षांची होते तेव्हाची.

पांतेलेरिया बेट आमच्या केलिबिया गावाच्या किनाऱ्यावरून दिसतं, पण रोज नाही. उत्तरेचा वारा दोन दिवस वाहून थांबला की समुद्राच्या कडेवर एक निळी उंची उभी राहते. तो समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी आहे आणि तो इटलीचा आहे, आमच्या देशाचा नाही. मादामनी बावीस वर्षं तो खिडकीतून बोट दाखवून शिकवला. मलाही तसाच शिकवला. आता मी पदवी घेऊन त्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले आहे, आणि धड्याच्या दिवशी खिडकीची काच पुसणं माझ्याकडे असतं.

मादामनी स्वतः जाण्यासाठी दोनदा व्हिसा मागितला होता. दोन्ही वेळा नकाराच्या कागदावर एकाच चौकोनात खूण आली: परत येण्याची खात्री वाटत नाही.

"दगड बघून परत येईन असं लिहिलं होतं," त्या हसून सांगायच्या. "मलासुद्धा ते वाचून खोटं वाटलं असतं."

शाळेच्या गटाला मात्र व्हिसा मिळतो. यंदाची सहल पाच दिवस सिसिलीत आणि एक दिवस पांतेलेरियावर होती. सहल कंपनीचा नियम असा की दर दहा मुलांमागे एक शिक्षक फुकट. पहिली फुकट जागा मुख्याध्यापकांची, सी लामीन, म्हणजे लामीन साहेबांची. ते चार वेळा जाऊन आले होते आणि पालेर्मोतली चपलांची दुकानं त्यांना पाठ होती. दुसरी जागा विसावं नाव आलं तर मादामची. नावं एकोणीस होती. मुदत शुक्रवारपर्यंत.

"उमैमाला विचारलंत?" मीच म्हणाले. "वर्गात पहिली आहे. तिला आवडेल."

मादाम तेव्हा चाचणीचे कागद तपासत होत्या. उमैमाच्या कागदावर त्यांनी विसापैकी अठरा लिहिलं, खाली सही केली आणि सहलीचा अर्ज त्याच कागदाला टाचून दिला. हरवू नये म्हणून.

गुरुवारी उमैमाची आई आली. खाला दलिंदा आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. तिचा नवरा रात्री दिवे लावून सार्डिन पकडणाऱ्या बोटीवर असतो. तिने टेबलावर मक्रूदचा, खजूर भरलेल्या रव्याच्या वड्यांचा, डबा ठेवला आणि त्यावर पाकीट.

"पहिला हप्ता, मादाम. आठशे दिनार, मोजून घ्या. उरलेले दोन हप्ते पण देऊ, काळजी करू नका."

"अहो, इतकी घाई नव्हती."

"घाई कशी नाही? तुम्ही लिहून पाठवलंत ना!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय गं सिरीन, इथे काम करतेस आणि अशी वाळलीस? मादाम उपाशी ठेवतात की काय? घे, तुपातले आहेत."

मी एक घेतला. तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "खाला, बिलेलच्या खोलीचं काम कुठवर आलं?"

बिलेल तिचा थोरला. त्याच्या लग्नासाठी घरावर खोली चढवायची होती आणि दोन वर्षांपासून गच्चीवर विटा रचलेल्या होत्या.

"विटा विकल्या शेजारच्या हमादीला. आठशे होत्या. खोली काय, कुठे पळून जातेय? नवरी थांबेल. नाही थांबली तर दुसरी बघू, ही तशीही फार बोलते."

ती हसत गेली. मादाम हसल्या नाहीत. पाकीट त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं, पण यादीवर नाव लिहिलं नाही.

"सिरीन, ती 'लिहून पाठवलंत' का म्हणाली?"

मला ते तेव्हाच कळलं होतं. मी मक्रूदचा डबा बंद करत राहिले. अर्ज फ्रेंचमध्ये होता आणि खालाला फ्रेंच वाचता येत नाही. तिला दिसले असणार लाल शाईतले अठरा गुण, सही आणि त्यांना टाचलेला कागद. तो तिला मादामचा हुकूमच वाटला असणार.

मादामनी मला दुसरंच काम सांगितलं. "फुकट जागेचा हिशेब कर. खरंच फुकट असते का?"

वीस मुलं, बावीस जागा. मी फळ्यावर लिहिलं: प्रत्येक मूल एक पूर्णांक एक दशांश जागेचे पैसे भरतं.

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. तेवढंच आलं.

त्या कपाटाशी गेल्या, छत्तिसावा खण ओढला, चिठ्ठी सरळ होती ती पुन्हा सरळ केली. मग धुतलेल्या चंचुपात्रांचा ट्रे उचलून परत धुवायला घेतला. बाहेर ढग होते, बेट दिसत नव्हतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी उमैमाला बोलावलं.

"तुला जायचंय का सहलीला?"

"हो, मादाम."

"खरं सांग. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही."

उमैमाने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुम्ही म्हणाल तसं, मादाम."

"माझं बाजूला राहू दे. समजा मी या शाळेत नाहीच. मग?"

"तुम्ही म्हणाल तसं."

मादामनी मान हलवली आणि तिला जायला सांगितलं. नंतर पाकीट पर्समध्ये टाकलं, मला सोबत घेतलं आणि चालत खाला दलिंदाच्या घरी गेल्या. खाला दारातच मिरच्यांचे देठ काढत बसली होती. पाकीट बघून तिचा हात थांबला.

"कमी भरले का?"

"नाही. चूक माझी झाली. तो कागद गुणांना टाचायला नको होता. सहल वेगळी, गुण वेगळे."

"म्हणजे पोरगी काही बोलली का तुम्हाला? उलट उत्तर दिलं?"

"काही नाही बोलली."

"मग गुण?"

"अठरा. ते तिचे आहेत. ते कुणी काढून घेत नाही."

खालाने पाकीट घेतलं. थोडा वेळ ते मांडीवर धरून बसली. "आधीच सांगायचं ना, बाई," ती म्हणाली. मग आत वळून ओरडली, "बिलेल! जा, हमादीकडे जा! सांग, विटांना हात लावू नकोस!"

शाळेत परत आलो तर सी लामीन यादी घेऊन उभे.

"एकोणीसच? मादाम, एका पोरीचं नाव लिहिलं असतंत तर तुम्ही बोटीत बसला असतात. तिला कुणी जबरदस्तीने उचलून नेत होतं का?"

"हो," मादाम म्हणाल्या.

ते जरा गडबडले. "बरं, मग तुमच्यासाठी काय आणू?"

"एक दगड. हिरवट काळा, काचेसारखा. मुठीएवढा पुरे."

"बॅगेत वजन होतं हो! त्यापेक्षा दिवा आणतो. ज्वालामुखीचा मिळतो तिकडे, बटण दाबलं की वरून लाल होतो."

वसंताच्या सुट्टीत गट गेला. बेटाचा दिवस बुधवार होता. सोमवार-मंगळवार उत्तरेचा वारा वाहिला आणि बुधवारी पडला. दुपारी खाला दलिंदाने आम्हा दोघींना कुसकुस खायला बोलावलं. "नेता आलं नाही पोरीला, निदान जेवा तरी," असं ती तीनदा म्हणाली, आणि मादामच्या ताटात मासा पण तीनदा वाढला.

जेवून आम्ही गच्चीवर गेलो. विटा परत आल्या होत्या. मी मोजल्या, सातशे ऐंशी. वीस हमादीने कोंबड्यांच्या खुराड्याला लावून टाकल्या होत्या. समोर समुद्र होता आणि त्याच्या कडेला पांतेलेरिया. ऊन आमच्या पाठीकडून पडत होतं, त्यामुळे डोंगराच्या घड्यासुद्धा दिसत होत्या. मादाम विटांवर बसल्या.

"आत्ता ते तिथे असतील," उमैमा म्हणाली. "वाफ येते म्हणे जमिनीतून."

"येते," मादाम म्हणाल्या. "असं मी शिकवते."

बऱ्याच वेळाने त्यांनी पर्समधून वर्गातली पट्टी काढली. तिच्या मध्याला साठ सेंटीमीटरचा दोरा बांधलेला होता. दोऱ्याचं टोक दातात धरायचं, पट्टी ताणून डोळ्यांसमोर आणायची, म्हणजे अंतर प्रत्येकीला तेवढंच. आधी उमैमाने बेट मोजलं, मग मी. शेवटी मादामनी. त्यांचा दोरा खूप वेळ ताणलेला राहिला. मग त्यांनी दातातून टोक सोडलं आणि आकडे सांगितले. मी तिघींची सरासरी काढून वहीत लिहिली.

उंची चार मिलिमीटर. रुंदी एकावन्न.