साठ मीटरवरचा तलाव

मागच्या मे महिन्यात मी आमच्या गावच्या मालगुजारी तलावाचा ड्रोनने फोटो काढला, बरोबर साठ मीटर उंचीवरून. यंदाच्या मे महिन्यात पुन्हा काढला. तलाव आकसलेला. ग्रामसभेत दोन्ही फोटो दाखवले, तर ज्यानं तलावात भातशेतीच्या चार बांध्या घुसवल्या तो श्यामलालच उठला.

"रविता, यंदा तू जास्त उंच उडवला असशीन. उंचावरून तलाव लहानच दिसन. त्याच्यात मी का केलो?"

माणसं हसली. सरपंच म्हणाले, "चल पाळीवर, सगळ्यांसमोर उडव. साठ म्हणजे साठ. नाहीतर विषय बंद." विषय बंद म्हणजे पावसाळ्यात त्या बांध्यांत धानाची रोवणी, आणि मग कोण काढतं?

पाळीवर, तलावाच्या बांधावर, पन्नासेक लोक जमले. ड्रोन वर गेला, पण ठरेना. आकडा साठ, छप्पन, चौसष्ट. पाखरू उचकी लागल्यासारखं वर-खाली.

"पिऊन आलं का वो हे?" श्यामलाल.

मी ड्रोन उतरवला आणि चैतरामकाकांना शोधलं. माझे काका राइस मिलमध्ये मिस्त्री. यंत्र दिसलं की खोलायचं, कंप्रेसरची हवा मारायची, कोंडा उडवायचा. आमच्याकडे असंच. चालतं यंत्र खोलून पाहतात, बंद पडलं की नारळ फोडतात.

"काका, काल याले खोलला का तुमी?"

"साफ केलो ना! आत काळा स्पंजचा तुकडा होता, पॅकिंगचा राहून गेला असन म्हणून फेकलो."

"काऊन फेकले?"

"कचरा धरते ना तो!"

माझं टाळकं सटकलं. ड्रोन हवेच्या दाबावरून उंची ओळखतो. वर गेलं की दाब कमी, खाली आलं की जास्त. तो मोजणारा सेन्सरचा दाणा पोटात असतो. त्याच्यावर स्पंज असतो, म्हणजे दाब पोचतो पण पंख्यांचा झोत थेट लागत नाही. स्पंज काढला की झोतानं दाब हलतो. ड्रोनला वाटतं आपण वर गेलो, म्हणून तो खाली येतो. मग वाटतं खाली आलो, म्हणून वर पळतो. बिचारा खोटं बोलत नाही, त्याला खोटं सांगितलं जातं.

काकांच्या हातातलं हेल्मेट ओढलं, आतलं स्पंजचं अस्तर फाडलं.

"अवो, नवीन हाय ते!"

"राहू द्या. पेचकस द्या."

नखाएवढा तुकडा बसवला, पेच कसले, ड्रोन सोडला. साठ. साठ. साठ. खुंटीला टांगल्यासारखा थांबला. मी फोटो काढला आणि मोबाइलवर दोन्ही वर्षं शेजारी-शेजारी लावली. मुंडकी जमली. चार बांध्या पाण्यात घुसलेल्या, आंधळ्यालाही दिसाव्या अशा.

तेवढ्यात गोमतीबाईंनी, आमच्या वॉर्डाच्या मेंबरनं, स्क्रीनवर बोट ठेवलं. "अन हे पाचवी कोनाची?"

वरच्या कोपऱ्यात नवा धुरा, शेताचा बांध. मागच्या वर्षी तिथं पाणी होतं. इतके दिवस मी फोटोत फक्त श्यामलालची बाजू पाहत होते. ती बांधी आमच्या काकांची.

काका माझ्याजवळ सरकले. "बाई, अर्धीच हाय. तेवढा कोपरा कापता नाही येत का?"

"नाही येत."

सरपंचांनी ग्रामसेवकाकडून वही घेतली. "नावं सांग." श्यामलाल आता मजेत माझ्याकडे पाहत होता.

"श्यामलालच्या चार," मी म्हणाले. "चैतरामची एक. अन बापाचं नावही लिहा, गावात चैतराम दोन आहेत."