मांडवापर्यंतची तीस पावलं

वजनाची पारख अभिमनइतकी अख्ख्या दोंडाईच्यात कुणाला नसेल. जिनिंगच्या काट्यावर बावीस वर्षं खुर्ची उबवलेला माणूस तो. कपाशीचा ट्रॅक्टर फाटकातून आत आला की काचेआडून नुसती नजर टाकायचा आणि आकडा सांगायचा, काट्याचा आकडा त्याच्या मागून यायचा. पण वजन सांगणं वेगळं आणि उचलणं वेगळं, हे त्याला थोरल्या भाचीच्या, रूपाच्या लग्नात कळलं. तेही चारशे माणसांदेखत!

त्याची अक्का, म्हणजे मोठी बहीण मंदाबाई, शिरपूरला दिलेली. तिच्या घरी नवरी मांडवात चालत येत नाही, मामा तिला दोन्ही हातांवर उचलून आणतो. मंदाबाईचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवून बाईने दोन पोरी शिकवल्या, कुणापुढे हात पसरला नाही. भावाकडून तिने आयुष्यात मागितलं ते एवढंच, की माझ्या पोरींना मांडवात तू आणायचं.

आणि या पठ्ठ्याने काय केलं? फेटा बांधून मोठ्या ऐटीत रूपाला उचललं, सात पावलं टाकली आणि आठव्याला मटकन खाली बसला. नवरी मांडीवर, फेटा नाकावर! मांडव खदखदून हसला. "मामाले जॅक लावा रे!" असं वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडलंसुद्धा. रूपा उरलेली वाट मान खाली घालून चालत गेली. नंतर भेटली तेव्हा मंदाबाई तेवढी हसली नाही. "व्हस रे भाऊ कधी कधी," एवढंच बोलली. ते मात्र अभिमनला शिवीपेक्षा जास्त लागलं.

दोन वर्षांनी धाकट्या दिपमालाचं ठरलं. पोरगी गुणाची. स्वतःच फोन करून म्हणाली, "मामा, मी चालतच येईन. हल्ली चालतं तसं."

"चालत यायला तुझा मामा मेला काय?" अभिमन फोनवर असा ओरडला की बाहेरचा ट्रॅक्टरवाला दचकला. फोन ठेवला तेव्हा मात्र ते आठवं पाऊल आठवलं. यावेळी बसला, तर अक्काला तोंड कुठून दाखवणार होता?

लग्नाला आठ महिने होते. डॉक्टरांनी रक्तातली साखर बघितली, पोटाचा घेर बघितला आणि कपाळाला हात लावला. "आधी नुसतं चाला. उचलायचं मी सांगेन तेव्हा." बायकोने शेवेचा डबा माळ्यावर टाकला. रोज सकाळी घर ते स्टेशन, स्टेशन ते जिनिंग अशी पायपीट सुरू झाली. पहिल्या आठवड्यात तर चहाच्या टपऱ्यांनीच त्याची जास्त परीक्षा पाहिली.

तीन महिन्यांनी डॉक्टर हो म्हणाले, तेव्हा तो प्रेमराजकडे गेला. प्रेमराज म्हणजे जिनिंगचा म्होरक्या हमाल. वय साठ, अंगावर मांस औषधालाही नाही, आणि सरकीचं पोतं उशीसारखं उचलणार.

"हातवर भरोसा ठेवू नका, नाना," तो म्हणाला. "खाली बसा, छातीले लावा, मांड्यासना जोरवर उठा. आणि बोलानं नही. बोललं का दम गया."

मग दुपारच्या सुट्टीत गोदामात तालीम. आधी वीस किलोचं पोतं, मग तीस, मग चाळीस. हमाल भारी वात्रट. त्यांनी पोत्याला लाल ओढणी गुंडाळली आणि त्याचं नाव 'नवरी' ठेवलं. "नाना, नवरी रुसली का आज?" "हळू नाना, नवरीना मेकप बिघडी!" अभिमन दात-ओठ खाऊन उठायचा. दिपमालाचं वजन त्याने नजरेनेच काढून ठेवलं होतं. शालू-दागिन्यांसकट पासष्ट. वैशाख लागला तेव्हा पासष्टचं पोतं छातीशी घेऊन तो गोदामाच्या दोन फेऱ्या मारत होता. स्वतःचं वजन चौदा किलोंनी उतरलं होतं. गावात लोक हळूच विचारायचे, "तब्येत बरी आहे ना?" आणि हा गडी खुशीत पँटचा पट्टा आणखी एक भोक आत ओढायचा.

लग्नाच्या दिवशी खोलीच्या दारापासून पाटापर्यंतची वाट त्याने मोजून ठेवली. तीस पावलं. तो खाली बसला, दिपमालाला छातीशी घेतलं आणि उठला. सातव्या पावलाला मांडवातली कुजबुज थांबली. आठव्याला शंभर मोबाइल वर झाले. नववं पडलं, दहावं पडलं. विसाव्याला दिपमाला कानाशी म्हणाली, "मामा, टेकायचं का जरा?" हा बोलेल तर शपथ! तिसाव्या पावलाला त्याने तिला फुलासारखी पाटावर उभी केली. "उठनी रे नवरी!" मागून प्रेमराजने आरोळी ठोकली आणि मांडवात शिट्ट्यांचा पाऊस पडला. रूपा डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. अभिमनची छाती अशी भरून आली की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी राहिलं.

त्याने अक्काला शोधलं. ती पार मागे, नवरीच्या खोलीला लागूनच्या स्वयंपाकघराच्या दारात, खांबाआड उभी होती. नवरा गेल्यापासून प्रत्येक शुभकार्यात तिची जागा तीच. कुणी तिला तिथे उभं केलं नव्हतं आणि कुणी पुढेही बोलावलं नव्हतं. रूपाच्या लग्नात आपण स्वतःची लाज झाकण्यात इतके गुंतलो, की ही कुठे आहे ते बघितलंसुद्धा नाही, हे त्याला आत्ता उमगलं.

तो तीस पावलं माघारी गेला.

"अक्का, चल."

"मी आठेच, खांबआड बरी. लोके नावं ठेवतीन. तू जाय."

अभिमन खाली बसला, तिला छातीशी घेतलं आणि उठला.

"अरे उतार माले! बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात!"

"देखू दे."

तो पासष्टच्या तयारीने उठला होता. हात आपोआप वर गेले. एक्केचाळीस. आकडा डोक्यात आपसूक आला, बावीस वर्षांची सवय. लहानपणी नाल्याला पाणी आलं की याच बाईने त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं होतं. अख्ख्या गावच्या मालाचं वजन सांगणाऱ्या या शहाण्याने सख्ख्या बहिणीकडे कधी धड बघितलंच नव्हतं. त्याची पावलं मंद झाली, पण दम लागला म्हणून नाही.

तिने लाजून त्याच्या खांद्यात तोंड लपवलं होतं, आणि तेवढ्यात तिचा हात त्याच्या पाठीवरून फिरला.

"कितला वाळना रे भाऊ तू!" ती रडवेली होऊन म्हणाली. "खास का नही पोटभर?"

आता मात्र अभिमनने प्रेमराजची शिकवण मोडली. "खातो ना, अक्का. उद्यापासून तूही माझ्याच ताटात जेव."

त्याने तिला पाटाशेजारी, लेकीच्या बाजूला उभं केलं. गुरुजी क्षणभर थांबले. मग त्यांनी अक्षतांचं ताट सगळ्यात आधी मंदाबाईपुढे धरलं. तिने दोन्ही मुठी भरून घेतल्या.