किल्लीला बांधलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी घंटा आहे. माझ्यामुळे एका बाईंनी एका माणसाला पत्र लिहिले होते आणि त्याने सहा महिने उत्तर दिले नव्हते. ती गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे; पण सांगते.

एटापल्लीकडच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या पाड्यावर, बुधूने मला कोरले आणि त्याच्या बायकोच्या, बुधरीच्या, गाईच्या गळ्यात बांधले. गाय रानात दिसेनाशी झाली की बुधरी माझ्या खडखडाटावरून तिला शोधून काढी. "आवाज हाय तं गाय हाय," म्हणायची. एवढे कौतुक पुढे कधी वाट्याला आले नाही.

गाय म्हातारी होऊन मेली. तेंदूपानाच्या एका ठेकेदाराचा मॅनेजर दौऱ्यावर आला होता. त्याने मला मागून घेतले आणि वडशाच्या कार्यालयात आणले. भिंतीवर शोभेला लावतील असे मला वाटले. त्याने मला संडासाच्या किल्लीला बांधले.

पुरुष बाहेर उघड्यावर जात. किल्ली लागे ती एकट्या नूतनबाईंना. त्या टायपिस्ट होत्या. मॅनेजर साहेबांच्या टेबलावरून मला मागून घ्यायचे, आठ पुरुषांमधून वाजवत न्यायचे, वाजवत आणायचे. साहेब घड्याळ बघत. "कालच्याहून दोन मिनिटं जास्त. काही बिघडलं का पोटात, बाई?"

पहिल्याच दिवशी हेडक्लार्क कय्यूमभाई खाली मान घालून म्हणाले, "गाय चरायले निघाली." साहेब खो खो हसले. मग सगळे रोज तेच म्हणू लागले. मी वाजू नये म्हणून नूतनबाई मला मुठीत आवळून धरीत.

"घंटा काऊन दाबता? चोरी करून राह्यल्या का?" साहेब विचारत.

किल्ली मागावी लागू नये म्हणून मे महिन्याच्या उन्हात नूतनबाईंनी पाणी पिणे सोडले. मूत्रपिंडाला सूज आली, दवाखान्यात पडून राहावे लागले. साहेबांनी 'कामचुकार' असा शेरा मारून त्यांना काढून टाकले. नूतनबाईंनी मालकाकडे, म्हणजे ठेकेदाराकडे, तक्रार केली. मालकाने साक्षीदार मागितला.

तेव्हा कय्यूमभाईंना नूतनबाईंचे ते पत्र आले. 'चौकशी तुमच्या दोन ओळींवर अडली आहे. गाय कोण म्हणालं ते लिहू नका. घंटा कोणी बांधली एवढंच लिहा.' कय्यूमभाई जेवणाच्या सुट्टीत कागद घेत, 'आदरणीय नूतनबाई' लिहीत आणि फाडून टाकत.

हिवाळ्यात नूतनबाईंच्या खुर्चीवर अमरीन नावाची मुलगी आली. तिने किल्ली मागितली. साहेबांनी मला पुढे सरकवले आणि कय्यूमभाईंकडे पाहिले. "बोला ना भाई, तुमचं ते."

सगळे हसायच्या तयारीत थांबले. कय्यूमभाई उठले. त्यांनी किल्लीपासून माझी दोरी सोडली.

"बेटी, नुसती किल्ली ने."

"निवृत्तीले दोन वर्षं राह्यली तुमची," साहेब हळूच म्हणाले. "विचार करा."

कय्यूमभाई मला पिशवीत घालून बाहेर पडले.

मित्रांनो, मी ज्याच्या हाती पडेन त्याच्यासाठी वाजते. माझा त्यात दोष किती, मला ठरवता येत नाही. पण तुमच्या शेजारी कोणी पाणी प्यायला घाबरत असेल, तर हसण्याआधी तिच्या मुठीकडे बघा.

पोस्टात बसून कय्यूमभाईंनी लिहिले : 'घंटा साहेबांनी बांधली. गाय मी म्हणालो. उशीर झाला असेल, तरी हे मालकाला दाखवा.' तो कागद त्यांनी माझ्याभोवती गुंडाळला, वर कापड शिवले. बाबूने पार्सल हलवून पाहिले.

"काय हाय यात?"

"जबाब हाय."

"वाजून राह्यला ना भाऊ, तुमचा जबाब."

"वाजू द्या," कय्यूमभाई म्हणाले, आणि माझ्यावर शिक्का पडला.