हातभर आखूड शीड

मित्रांनो, शेवट आधीच सांगून टाकते: मला कापलं. खालून हातभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सांगून झालं. आता विसरून जा. असं काही घडलंच नाही.

तर, मी एक जुनं, अखंड शीड आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे टेबल नव्हतं. सगळी जमीन हेच टेबल. शिवणयंत्रसुद्धा जमिनीत खड्डा करून बसवलेलं. शिडं शिवणारी मावशी त्या खड्ड्यात बसायची, त्यामुळे माणसं कमरेपासूनच सुरू होतात असा माझा बरेच दिवस समज होता. तिनं मला दुहेरी शिवण घातली आणि खालून हातभर उंचीवर आडव्या ओळीत छोट्या दोऱ्या लावल्या. वारा पिसाटला की तेवढा भाग गुंडाळून त्या दोऱ्यांनी बांधायचा. मी तेवढ्यापुरतं आखूड.

अठरा वर्षं मी एकाच लहान नावेवर काम केलं. मालक दातांचे डॉक्टर. सुकाणू मात्र त्यांच्या बायकोच्या, बाईंच्या हातात असायचं, कारण तोंडाबाहेरच्या दिशा डॉक्टरांना कळत नाहीत. धक्क्यावरची माणसं म्हणायची, "काय भरलंय शीड!" मी लाजून आणखी फुगत असे.

मग बाईंच्या त्वचेला काहीतरी झालं. अंगावर ऊन घ्यायचं नाही, असं त्यांना बजावण्यात आलं. म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेवर छप्पर हवं, नाहीतर नाव विकायची. डॉक्टरांनी धावतपळत छप्पर करून आणलं. चांगलं होतं. लोखंडी नळ्या, जाड कापड, उभं राहता येईल एवढी उंची.

माझ्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो. नाव वळली की तो एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातो, मध्ये कोण आहे ते न विचारता. पहिल्याच वळणावर तो छपरावर आदळला. ठण्ण! माझ्या सगळ्या शिवणी आवळल्या.

"अहो, माप घेतलं होतं ना?" बाई म्हणाल्या.

"घेतलं होतं की. माझं."

"टोपीसकट?"

डॉक्टर टोपी काढून तिच्याकडे बघत बसले.

"छप्पर खाली करू या," ते म्हणाले.

"आणि मी दिवसभर मान मोडून बसू? राहू द्या. नाव विका. मी काठावर बसून बघेन लोकांच्या नावा."

बाई हे हसत म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला घडी करून मावशीकडे नेलं.

जन्मखोलीत मला पुन्हा पसरलं, तेव्हा आधी बरं वाटलं. मग मावशीनं खडूनं माझ्यावर एक रेघ ओढली. बरोबर दोऱ्यांच्या ओळीवर. बाजूला कात्री होती. माझा काठ थरथरायला लागला.

"घाबरलंय वाटतं," मावशी म्हणाली.

डॉक्टर माझ्याजवळ वाकले. "अजिबात दुखणार नाही," ते म्हणाले. मित्रांनो, हे वाक्य त्यांनी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, ते सगळे खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. मला तर हातही नाहीत.

"थांबा हो, एवढी घाई कशाला?" मावशी म्हणाली. "या दोऱ्या बांधा. शीड कापल्याइतकंच आखूड होईल. दांडा हातभर वर सरकवा नि चालवून बघा. नाव चालली तर कापू, कायम गुंडाळून ठेवलं तर कापड कुजतं. नाही चालली, तर शीडही जुनं झालंय. पिशव्या छान होतील."

आता माझी अवस्था बघा. नीट चाललं तर कापणार. नीट नाही चाललं तर नाव विकणार आणि माझ्यातून लोक कांदे नेणार. मी पुष्कळ विचार केला आणि भ्याडपणा निवडला: पडून राहायचं, पुढचं पुढे.

पाण्यावर गेल्यावर मी लोळागोळा झाले. वारा येत होता, मी फडफडून त्याला वाटेला लावत होते. नाव आडवी वाहू लागली, थेट दगडी बांधाकडे. दगड मोठे होत गेले. त्यांच्यावरचे शिंपले दिसायला लागले.

"अगं, वळव ना!" डॉक्टर ओरडले.

"शिडात वारा नाही तर कशाच्या जोरावर वळवू?" बाई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या हो. वल्ही घ्या. संपलं आपलं हे." आणि त्यांनी सुकाणूवरचा हात काढला.

अठरा वर्षांत तो हात कधी निघाला नव्हता.

मी शूरपणानं फुगले, असं एखाद्या धड्यात छापून आलं तर विश्वास ठेवू नका. मी भीतीनं फुगले. दगडांची भीती, कांद्यांची भीती, आणि त्या रिकाम्या सुकाणूची सगळ्यांत जास्त. नाव कलली, बाईंनी झडप घालून सुकाणू धरलं, आणि आम्ही वळलो. दांडा सरसरत आला. डॉक्टरांनी डोळे मिटले. दांडा छपरावरून चार बोटं उंचीनं निघून गेला. ठण्ण झालंच नाही.

सावलीत बसलेल्या बाई एवढ्या हसल्या की डॉक्टरांनी डोळे उघडले. "दात मोजताय का माझे?" त्या म्हणाल्या.

आणि नीट चाललं म्हणून मला कापलं. दुखलं. कापलेल्या तुकड्याची मावशीनं छपराला झालर शिवली. तो आता दिवसभर बाईंच्या डोक्याशी बसतो आणि मला ओळख दाखवत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडचं जुनं काही कापायची वेळ आली, तर आधी बांधून बघा. त्याला खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्यानं धुवा. आणि दुखणार नाही, असं त्याला सांगू नका.

सबब, संबंधित वाऱ्यास नम्र विनंती करण्यात येते की, सदर शीड हातभर कमी झाले असले तरी, त्याची अठरा वर्षांची सेवा विचारात घेऊन, त्यास पूर्वीच्याच मापाने वारा देण्यात यावा. तसेच दगडी बांध तीन नावांच्या लांबीइतका मागे सरकवून तसे लेखी कळवण्यात यावे.